नववं कौल

न्हाणीच्या छपरावरची कौलं उतरवून झिपरू आबा एकेक खाली देत होते आणि शेजारचे लीलाधर सर ते बोटाच्या गाठीनं वाजवून बघत होते. खणखणीत वाजलं की भिंतीकडे, बद्द वाजलं की पोत्यावर. शिडीवर उभ्या उभ्या आबांनी चार कौलं तशी जाताना पाहिली आणि त्यांना राहवेना.

"सर, उलटं होतंय तुमचं. चोख कौल बाजूला पडतंय आणि फुटकं घेताय."

"बरोबर घेतोय, आबा." लीलाधर हसला. "जुनं कौल फुटताना आवाज छान करतं. लोकांना आवाज लागतो."

आबांनी पुढचं कौल खाली दिलं. न्हाणीवर पत्रा टाकायचाच होता, कौलं तशीही उतरवायचीच होती. नऊ कौलं पोत्यावर जमली तसा लीलाधरनं हात झटकला. तीस-बत्तीसचा गडी, उंचीला बेताचा, पण अंगात चरबीचा एक थेंब नव्हता. दिवसा दालमिलमध्ये कारकुनी करायचा आणि संध्याकाळी नगरपालिकेच्या शाळेच्या मैदानावर पोरांना तायक्वांदो शिकवायचा. पुण्याला दोन वर्षं राहून काळा पट्टा आणला होता त्यानं. आधी आठ पोरं यायची. गेल्या वर्षी कोरियातलं ऑलिंपिक घराघरात टीव्हीवर दिसलं आणि आठाची चाळीस झाली. जळगावला लागून असलेल्या पिंप्राळ्यात आता त्याला कुणी नावानं हाक मारत नव्हतं. वयानं दुप्पट माणसंही सर म्हणत.

"तर मग परवा, सव्वीस जानेवारी. झेंडावंदन झालं की आपलं प्रात्यक्षिक," तो म्हणाला. "तुम्ही पाहुणे. नाही म्हणायचं नाही. अख्ख्या जळगावात कोरिया पाहिलेला माणूस तुम्ही एकटे. ही विद्या तिथल्या फौजेत कशी होती, त्यावर दोन शब्द बोला. दोन हजार वर्षांची परंपरा आहे, आबा. आम्ही नुसतं पुस्तकात वाचतो."

"दोन हजार?" आबा शिडीवरून उतरत म्हणाले. "मी गेलो तेव्हा तर तिचं बारसंही झालं नव्हतं. कुणी टँगसू म्हणायचं, कुणी काँगसू. त्यांचेच काही लोक जपानात शिकून आले होते. फौजेत तेव्हा कुठं शिकवायला लागले होते. एकानं मोठ्या साहेबांपुढं कौलं फोडून दाखवली म्हणे, साहेब खूश झाले, मग सगळ्या शिपायांना शिकवा म्हणाले. असं आमचा दुभाषी सांगायचा."

लीलाधर हसला. म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यावर हसतात तसा. "ते नका सांगू. तुम्ही आपलं पराक्रमाचं सांगा."

तेवढ्यात तारेपलीकडून आवाज आला.

"अक्का, थोडं विरजण देता?"

दोन्ही घरांच्या मध्ये सिमेंटचे खांब आणि काटेरी तार होती. प्लॉट पाडणाऱ्यानंच ती ठोकून दिली होती. तारेवरून लीलाधरच्या बायकोनं, सुनंदानं, वाटी पुढं केली होती. लीलाधरनं फक्त मान वळवली.

"घरात आहे ना," तो म्हणाला. आवाज अगदी मऊ.

"संपलं," ती म्हणाली.

आबांच्या बायकोनं, द्रौपदाबाईंनी, आतून चमचाभर दही आणून वाटीत घातलं. वाटी घेऊन सुनंदा गेली. लीलाधर उभा राहून ती दारात शिरेपर्यंत बघत होता. मग त्यानं आबांना नमस्कार केला, जय हिंद म्हणाला आणि गेला.

द्रौपदाबाई तिथंच उभ्या राहिल्या. त्यांचं मूळ गाव धुळ्याकडचं. जळगावात येऊन वीस वर्षं झाली तरी घरात बोलणं तिकडचंच होतं.

"त्यास्ना घर दूध येतच नही," त्या म्हणाल्या. "मंग इले रोज विरजण कशाले लागस? कालदिन देयेल दही तसंच वाळेल शे वाटीमा."

"नवरा-बायकोना मझार पडानं नही," आबा म्हणाले.

"मी कोठे पडस? मी वाटीनं सांगस."

आबांनी कौलांकडे पाहिलं. वस्तीत मारकुटे नवरे काही कमी नव्हते. पण मारकुट्याच्या घरातून आवाज येतो. भांडी आपटतात, शिव्या ऐकू येतात, बाई रडत बाहेर येते, चार माणसं जमतात. या घरातून कधी काहीच आलं नव्हतं. सुनंदाच्या अंगावर कधी वळ दिसला नव्हता. दिवसेंदिवस ती सुकत चालली होती एवढंच. सुकायला काय, बायका कशानंही सुकतात, असं म्हणून आबांनी तो विषय सोडून दिला होता. सोडून देणं त्यांना जमायचं. आयुष्यभर फाटकावर काढलेला माणूस. आधी फौजेत, मग जिनिंगच्या कारखान्यात. फाटकावरच्या माणसानं कोण आत गेलं, कोण बाहेर आलं, एवढंच बघावं. का गेलं ते विचारू नये.

संध्याकाळी जेवताना द्रौपदाबाईंनी विचारलं, "काय सांगशात तठे?"

"बर्फ सांगसू," आबा म्हणाले.

कोरिया म्हटलं की ते बर्फच सांगायचे. त्रेपन्न साली जहाजातून इंचॉनला गेलो. तिथल्या सरकारला आपल्या फौजेचा राग, जमिनीला पाय लावू देईनात, मग जहाजावरून हेलिकॉप्टरनं उचलून थेट छावणीत नेऊन सोडलं. मिशीवर बर्फ जमायचा. नाकातला वारा गोठायचा. लेक सुकदेव लहान होता तेव्हा हे ऐकून झोपायचा. आता तो दीपनगरला वीज केंद्रात नोकरीला होता आणि त्याची पोरं सुट्टीत आली की तेच ऐकत. बर्फाच्या पुढचं आबांनी कुणाला सांगितलं नव्हतं. द्रौपदाबाईंनाही नाही.

लढाई थांबली होती आणि हजारो कैदी मध्येच अडकले होते. परत आपल्या देशात जायचं नाही म्हणणारे. ते खरंच त्यांचं म्हणणं आहे की कुणी म्हणवून घेतंय, हे एकेकाला विचारायचं ठरलं आणि तोवर त्यांना सांभाळायला हिंदुस्थानची पलटण नेली. काटेरी तारेच्या आत कैदी, बाहेर झिपरू बैसाणे, वय एकवीस, हातात काठी. गोळी घालायची नाही. आत शिरायचं नाही. ज्याला घरी जायचं असेल त्यानं आपल्या पायानं फाटकाशी यावं आणि तोंडानं सांगावं. सांगितलं की लगेच फाटक उघडायचं, त्याला बाहेर घ्यायचं. तोंडानं सांगितल्याशिवाय उघडायचं नाही, कारण एकदा उघडलं की आतले पाचशे धावून येतील. हुकूम सरळ होता आणि झिपरूला तो पटलाही होता.

आत कैद्यांचेच पुढारी होते. रोज सकाळी ते सगळ्यांना रांगेत उभं करायचे आणि शिकवायचे. पाचशे मुठी एकदम पुढं यायच्या, पाचशे गळ्यांतून एकच आवाज निघायचा, तोंडातून वाफ. बघायला छान वाटायचं. तंबूंची झडती व्हायची तेव्हा डब्याच्या पत्र्याचे चाकू सापडायचे, तंबूचे खुंट सापडायचे. ते जप्त व्हायचे. हात जप्त करता येत नाहीत.

डिसेंबरातली एक सकाळ होती. कवायत चालू असताना रांगेतून एक माणूस निघाला आणि चालत फाटकाशी आला. बारीक, पंचविशीचा असेल. त्यानं दोन्ही हातांनी तार धरली. तळव्यात काटे घुसले तरी सोडली नाही. झिपरूला शिकवलेले दोन शब्द येत होते, बोल, घरी जायचं? त्यानं विचारलं. माणसानं तोंड उघडलं. आवाज आला नाही. झिपरूनं पुन्हा विचारलं. त्यानं पुन्हा तोंड उघडलं, मोठं उघडलं, मानेच्या शिरा ताठ झाल्या, पण आवाज नाही. अंगावर कुठं रक्त नाही, जखम नाही. झिपरू वाट बघत राहिला. आता बोलेल, मग बोलेल. फाटकाची कडी त्याच्या हातात होती. मागून दोघे आले, त्यांनी दोस्तासारखे त्याच्या खांद्यावर हात टाकले, त्याची बोटं एकेक करून तारेवरून सोडवली आणि त्याला घेऊन गेले. जाताना त्यानं मागं वळून पाहिलं. रागानं नाही. अजूनही तोंड उघडंच होतं.

दोन दिवसांनी तो संडासाच्या खड्ड्यात सापडला. डॉक्टर म्हणाले, गळ्याचं हाड आधीच मोडलेलं होतं, हाताच्या एका फटक्यानं. बाकीचं नंतरचं. चौकशी झाली. पहारेकरी हुकमाप्रमाणे वागला, असं साहेबांनी लिहिलं. कुणी झिपरूला एक शब्द बोललं नाही. कुणी दोन शिव्या हासडल्या असत्या, कानाखाली ठेवून दिली असती, तर पस्तीस वर्षं हे असं छातीत अडकून बसलं नसतं.

पंचवीस तारखेला दुपारी आबांनी कौलं पोत्यात भरायला घेतली. तिसरं उचललं आणि त्याचे हातातच दोन तुकडे झाले. राहिली आठ. लीलाधरला नऊ हवी होती. बद्द वाजणारं दुसरं नव्हतं, भिंतीकडे होती ती सगळी चोख. आबा क्षणभर थांबले. मग त्यांना आईचं बोलणं आठवलं. ती म्हणायची, देणं कमी द्यावं पण फुटकं देऊ नये, फुटकं दिलं की घरातलं बरं जातं. आठ तर फुटकी चाललीच होती, निदान एक तरी चांगलं जाऊ दे. त्यांनी ढिगातलं सगळ्यात चोख कौल निवडलं, वाजवून पाहिलं, घंटेसारखं वाजलं. पोत्यात ते तळाशी घातलं. मनाला बरं वाटलं त्यांच्या.

सव्वीसला मैदान भरलं होतं. झेंडावंदन झालं, पोरांनी पांढऱ्या कपड्यांत कवायत केली. चाळीस मुठी पुढं आल्या, चाळीस गळ्यांतून आवाज निघाला आणि खुर्चीत बसलेल्या आबांनी मफलर घट्ट केला. त्यांना दोन शब्द बोलायला उठवलं.

"मी तिथं फाटकावर होतो," ते म्हणाले. माईक खरखरला. बर्फाचं सांगायचं ठरलं होतं, पण बर्फ तोंडात आलाच नाही. "नुसता फाटकावर उभा होतो." मग ते खाली बसले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. म्हातारा लाजला असं त्यांना वाटलं.

मग विटांच्या दोन थरांवर कौलं रचली गेली. पोतं उपडं केल्यावर तळाचं चोख कौल वर आलं होतं, पण ते रुंद आणि सरळ, म्हणून पोरांनी ते पुन्हा तळाशीच बसवलं. लीलाधर पुढं आला, डोळे मिटले, श्वास घेतला, हात वर नेला. आवाज खरंच छान झाला. धूळ उडाली. पोरं ओरडली.

धूळ बसली तेव्हा खाली एक कौल तसंच होतं. अखंड. लीलाधरनं ते पाहिलं आणि पुन्हा हात मारला. कौल हललं नाही. तिसऱ्यांदा मारला तेव्हा हाताच्या कडेला रक्त आलं. मागून कुणीतरी म्हणालं, "सर, कौल पिंप्राळ्याचं आहे, त्याला पुण्याचा पट्टा समजत नाही." सगळं मैदान हसलं. पोरंही हसली.

आबा हसले नाहीत. त्यांचं लक्ष लीलाधरकडे होतं. लीलाधरनं कौलाकडे पाहिलं नाही, लोकांकडे पाहिलं नाही. त्यानं सावकाश मान वळवून बायकांच्या रांगेकडे पाहिलं. तिथं सुनंदा बसली होती. ती तर हसलीही नव्हती. तिनं पदर ओढून गळ्याभोवती घेतला, दोन्ही हातांनी, घट्ट. थंडी काही एवढी नव्हती.

आबा त्या पदराकडे बघत राहिले. पस्तीस वर्षांपूर्वीच्या त्या माणसाच्या मागून दोघे चालत येताना दिसले होते, तसंच हे दिसत होतं, सावकाश आणि शांत. आणि ते कौल त्यांनी स्वतःच्या हातानं पोत्यात घातलं होतं.

दीड वाजता लीलाधरची स्कूटर आली. पुढून सुनंदाच्या चपला वाजल्या, दार लागलं. आबा जेवले नाहीत. ओट्यावर बाज टाकून बसले आणि कान देऊन राहिले. भांडं वाजेल, कुणी ओरडेल, निदान दार आपटेल. काही नाही. लीलाधर स्वच्छ आवाजात काहीतरी बोलला, बाजारातून काय आणायचं ते विचारावं तसा. मग न्हाणीत पाणी पडल्याचा आवाज आला. बराच वेळ पडत होतं.

अडीचच्या सुमारास सुनंदा तारेशी आली. हातात वाटी होती.

द्रौपदाबाई आत तूर पाखडत होत्या. आबा उठले आणि तारेपाशी गेले. सुनंदानं वाटी पुढं केली आणि तोंड उघडलं. आवाज आला नाही. तिनं पुन्हा उघडलं. पदर गळ्याशी धरलेला होता. चेहरा कोरडा होता, डोळ्यांत पाणीही नव्हतं.

"बोल, बेटी," आबा म्हणाले.

आणि आपलाच शब्द त्यांच्या कानावर पडला. ते वाट बघत होते. आता बोलेल, मग बोलेल. रोज ती तारेशी येऊन विरजण मागत होती, दूध नसलेल्या घरातून, रोज, आणि रोज हे दोघं तिला चमचाभर दही घालून परत पाठवत होते. यापेक्षा जास्त ती काय बोलणार होती?

फाटक रस्त्याच्या बाजूला होतं, तिच्या दारासमोरून जायला लागलं असतं. आबांनी खालच्या तारेवर चप्पल दिली, वरची तार दोन्ही हातांनी धरून उचलली. काटा तळव्यात गेला. शेतात कुंपणातून माणसं वाकून जातात तशी सुनंदा वाकून आत आली. पाठीला तार घासली तेवढी.

"सुकदेवनी माय," त्यांनी हाक दिली, "दूध तपाड. दही लावनं शे."

"आते? दुपारना?" म्हणत द्रौपदाबाई दारात आल्या. त्यांनी सुनंदाकडे पाहिलं, तिच्या गळ्याशी धरलेल्या हाताकडे पाहिलं आणि त्या तिच्या खांद्यावर हात ठेवून आत घेऊन गेल्या. आबा रस्त्याच्या फाटकाशी गेले, कडी लावली आणि आतल्या बाजूला उभे राहिले.

लीलाधर दहा मिनिटांनी आला. आंघोळ करून, स्वच्छ शर्ट घालून. उजव्या हाताला पांढरी पट्टी होती.

"आबा, सुनंदा आलीय का विरजणाला?"

"आलीय."

"पाठवता का तिला? जेवायचं राहिलंय."

"थंडीचे दिवस आहेत, सर. विरजण लागायला वेळ लागतो."

लीलाधर हसला. रस्त्यानं एक सायकलवाला गेला, सर नमस्कार म्हणाला, लीलाधरनं त्याला मान डोलावली. मग त्यानं फाटकावर हात ठेवला.

"उघडा, आबा."

"तिनं तोंडानं सांगू दे, मला घरी जायचंय म्हणून. सांगितलं की लगेच उघडतो. तोंडानं सांगितल्याशिवाय नाही."

"ती कशी सांगणार?" लीलाधर म्हणाला. "तिचा आवाज बसलाय."

"हो," आबा म्हणाले. "म्हणूनच."

लीलाधरच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण डोळ्यांतलं गेलं. फाटक कमरेएवढंच होतं. त्याला ते एका ढांगेत ओलांडता आलं असतं, हे दोघांनाही माहीत होतं. आबांना भीती वाटत होती. आज हातात काठीही नव्हती.

"सर, अजून एक सांगायचं राहिलं," ते म्हणाले. "ते नववं कौल मी घातलं होतं. तळाशी. चोख बघून, वाजवून घातलं. तिला त्यातलं काही माहीत नव्हतं. लोक हसले ते माझ्यामुळं."

लीलाधरच्या पट्टी बांधलेल्या हाताची मूठ वळली आणि सुटली.

झिपरू आबांनी गळ्याचा मफलर सोडला. नीट घडी केली आणि खांबावर ठेवली. शर्टाचं वरचं बटण काढलं. मग टाचा जोडल्या, हनुवटी वर केली आणि एकवीस वर्षांचे असताना उभे राहायचे तसे, उघड्या मानेनं, फाटकाला न टेकता उभे राहिले.

आत भांड्यावर झाकण ठेवल्याचा आवाज आला. दही सकाळपर्यंत लागणार नव्हतं, आणि तोवर फाटक उघडणार नव्हतं.